नायिकेची प्रत

शेवटच्या वर्षाला विज्ञानाच्या मुलांनाही साहित्याचा एक पेपर सक्तीचा होता आणि त्यातले वीस गुण गटाने करायच्या प्रकल्पाला होते. आमच्या गटाच्या वाट्याला एक जुनं, चार अंकी, प्रेमाचं आणि शोकांत नाटक आलं. विषय होता स्वभावचित्रण आणि उपरोध. नाटकाच्या मॅडमनी उपरोध दोन वाक्यांत समजावला. प्रेक्षकाला माहीत असतं, पात्राला नसतं. आणि पात्र आपलं बोलत राहतं. मग आमच्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला जमेल का शंकाच आहे. तुम्ही लोक रडण्याचंसुद्धा एकक विचाराल."

हे वकिलाला लागलं. वकील आमच्यासारखाच रसायनशास्त्राचा, पण कँटीनवालासुद्धा त्याच्याशी वाद नको म्हणून सुटे पैसे आधीच काढून ठेवायचा, त्यावरून हे नाव. तो म्हणाला, विचारूच एकक. गटात आम्ही चौघं होतो. वकील, काका, ज्याचं वय एकवीस पण स्वेटर आणि काळजी दोन्ही पन्नाशीच्या माणसाची, मुंगी, आणि मी.

मुंगी आणि मी तीन वर्षं प्रयोगशाळेत एका टेबलावर. ती ब्युरेटची तोटी फिरवायची, मी आकडे लिहायचे. लहानखुरी, आणि सदानकदा कुणाचं तरी काही उचलून नेत असलेली. कुणाची वही, कुणाची आजारपणाची चिठ्ठी. त्या सत्रात दुसऱ्यांची कामं उरकता उरकता तिचं नाटक वाचायचंच राहिलं होतं. आम्ही तिघांनी वाचलं होतं. वकील तिला झापायला निघाला, तेव्हा मला पद्धत सुचली.

नाटकात एका बंदराच्या गावातली मुलगी आहे. तिचा माणूस युद्धावर जातो. तो मेल्याची खबर येते. खबर खोटी असते, तो परतीच्या वाटेवर असतो, आणि हे नायिकेच्या दासीला कळतं. पण दोन दिवसांनी नायिकेचा वाढदिवस असतो. दासी ठरवते, की बातमी त्या दिवशी द्यायची, सगळ्यांसमोर, आनंद दुप्पट. त्या दोन दिवसांत नायिका समुद्रात उतरते. तो पोचतो तेव्हा लोक तिला वाळूवर घेऊन आलेले असतात.

माझी पद्धत अशी. नाटकाची एक छापील प्रत घ्यायची आणि ब्लेडने कापायची. नायिका रंगमंचावर असेल तेवढीच पानं ठेवायची. ती नसताना जे घडतं, जे बोललं जातं, ते सगळं काढून टाकायचं. उरली ती नायिकेची प्रत. ती मुंगीने वाचायची, एका वेळी एकच अंक. अंक संपला की तिने एका कार्डावर दहा वाक्यं लिहायची : आत्ता काय चाललं असेल, पुढे काय होईल. आम्ही पूर्ण प्रत घेऊन त्यातली खोटी किती ते मोजायचं. दहापैकी खोटी वाक्यं, तो त्या अंकाचा उपरोध. अट एकच, की मुंगीला बाहेरून काही कळता कामा नये. तिच्यासमोर नाटकाविषयी बोलायचं नाही, चेहरेही करायचे नाहीत.

मुंगीला हे फार आवडलं. म्हणाली, न वाचल्याचं बक्षीस मिळतंय की.

पहिल्या अंकाला दोन वाक्यं खोटी निघाली, दुसऱ्याला पाच. वकिलाने आलेखाच्या कागदावर दोन ठिपके दिले आणि मॅडमना वाटेत थांबवून दाखवले. त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिले. पहिल्यांदाच त्या आमच्यावर हसल्या नाहीत.

याच काळात दुसरी गोष्ट चालू होती. एका मोठ्या संस्थेत दोन वर्षांच्या संशोधन-प्रशिक्षणाची एक जागा आमच्या महाविद्यालयाला मिळाली होती. दुसरं शहर, राहायची सोय, विद्यावेतन. यादीत पहिलं नाव मुंगीचं, दुसरं माझं. मुंगीने शुक्रवारी पाचच्या आत कार्यालयात होकार किंवा नकार सही करून द्यायचा होता. ती नकार देणार होती. कारण होता भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला सहायक. दोन वर्षं त्यांचं चाललं होतं, आणि परीक्षा झाल्यावर तो घरी सांगणार होता. तिने जागेबद्दल सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, तू गेल्यावर मी काय करू. हे वाक्य तिने मला तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा तर त्याच्या आवाजात.

मंगळवारी दुपारी काका प्रयोगशाळेत आला तो स्वेटरची बटणं वरखाली लावून. सहायकाच्या घराशेजारी त्याची मावशी राहते. मावशीच्या टेबलावर त्याने लग्नाची पत्रिका पाहिली होती. नवरा सहायक, नवरी विभागप्रमुखांची भाची. तारीख पुढच्या महिन्याची. मावशीच्या म्हणण्याप्रमाणे सहायकाची नोकरीही आता कायम होणार होती.

मुंगी त्या वेळी ग्रंथालयात होती. काका म्हणाला, आत्ताच जाऊन सांगतो.

वकील म्हणाला, थांब. त्याने मुद्दे मांडले. एक, हा त्या दोघांचा प्रश्न आहे, आपण कोण? दोन, पत्रिका तू पाहिलीस, पण विचारलंस का कुणाला? तीन, सांगायचं तर आहेच, प्रश्न फक्त कधीचा. मग दोघं माझ्याकडे बघायला लागले, कारण पद्धत माझी होती.

मी म्हणाले, तिसरा अंक उद्या आहे आणि चौथा शनिवारी. आज सांगितलं तर उद्या ती जे लिहील ते नायिकेचं नसेल, तिचं स्वतःचं असेल. प्रेमात फसवली गेलेली मुलगी प्रत्येक पानावर फसवणूकच शोधेल. दोन ठिपक्यांतून कुठलीही वक्ररेषा जाते. आपल्याला चार हवेत.

"आणि शुक्रवार?" काका म्हणाला.

वकील म्हणाला, ती तशीही जाणार नाही. रडत घरी बसेल. रडणारी माणसं अर्ज भरत नाहीत.

काकाने माझ्याकडे पाहिलं. "यादीत दुसरं नाव तुझंच ना?"

मी म्हणाले, हो. आणि त्याचा इथे काय संबंध? मी शांतपणे विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली. काकाने वरखाली झालेली बटणं काढून पुन्हा लावली. शनिवारी चौथं कार्ड झालं की त्यानेच सांगायचं, असं ठरलं. वकिलाने तर हात वर करून मतदान घेतलं. तिघांचे हात वर होते; काकाचा सगळ्यांत शेवटी गेला, पण गेला.

बुधवारी मुंगीने तिसरा अंक वाचला. नायिकेच्या प्रतीत तो नऊच पानांचा होता. नायिकेला माणूस मेल्याचं कळलेलं आहे. दासी तिचे केस विंचरते आहे आणि वाढदिवसाला कुठली वस्त्रं घालायची ते विचारते आहे. मुंगी वाचत असताना आम्ही तिघं समोर बसलो होतो. चेहरे करायचे नाहीत ही अट आम्ही इतकी पाळली, की तिने मध्येच मान वर करून विचारलं, कुणी मेलंय का?

तिच्या कार्डावरची नऊ वाक्यं खोटी निघाली. सातवं असं होतं : दासीला काहीतरी माहीत आहे आणि ती आजच सांगेल, कारण एवढी मोठी गोष्ट कुणी दोन दिवस पोटात ठेवू शकत नाही.

वकिलाने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, अर्धं बरोबर, अर्धं चूक, मोजायचं कसं? आम्ही दहा मिनिटं त्यावर वाद घातला. मी ते खोट्यात धरलं.

शुक्रवारी सव्वाचारला मुंगी मला म्हणाली, चल ना माझ्याबरोबर कार्यालयात, एकटीला धाकधूक होते. जिन्यात ती थांबली. कठड्यावर हात ठेवून म्हणाली, "खरं सांग. चूक करतेय का मी?"

तिचा प्रश्न स्पष्ट होता. उत्तर मला माहीत होतं. मी म्हणाले, "तुझं तू ठरव. मी बोलले तर उद्या माझ्यावर येईल."

ती हसली. म्हणाली, तू म्हणजे ना, प्रयोगासारखं प्रेमालासुद्धा आधी कोरं भांडं लागतं तुझ्या.

कारकुनाने फाइल काढली. एकदा सही झाली की नाव गेलं, मग रडत यायचं नाही, असं तो म्हणाला. मुंगीने नकारावर सही केली, तारीख घातली. त्याने कागद फिरवून पाहिला आणि माझ्याकडे वळला. "पुढचं नाव तुमचंच की. आत्ताच करून टाका सही, परत हेलपाटा नको."

माझ्याकडे पेन नव्हतं. मुंगीने तिचं दिलं. मी सही करत असताना तिने मागून माझ्या खांद्यांना मिठी मारली, त्यामुळे शेवटचं अक्षर जरा लांब गेलं. ती म्हणाली, बरं झालं, जागा घरातच राहिली.

शनिवारी चौथा अंक. नायिकेच्या प्रतीत फक्त चार पानं. नायिका दासीला झोपायला पाठवते आणि दार उघडून बाहेर जाते. मुंगीने कार्डावर दहा वाक्यं लिहिली. त्यात एक असं होतं, की तो खरंच मेला आहे, नाहीतर एव्हाना कुणीतरी बोललं असतं. दहाच्या दहा खोटी. दोन, पाच, नऊ, दहा. वकिलाने ठिपके जोडले, आणि वक्ररेषा इतकी सुरेख आली की आम्ही तिघं काही क्षण नुसतं तिच्याकडे बघत राहिलो.

मग मी मुंगीला पूर्ण प्रत दिली. काकाने घसा खाकरला. वकील म्हणाला, सोमवारी सादरीकरण आहे, तिने रडत उभं राहायचं का मॅडमसमोर? दोन दिवसांनी काय फरक पडतो? शुक्रवार तर होऊन गेला. हे बरोबर होतं. काकाने ओठांवर आलेलं तसंच गिळलं.

सोमवारी वर्ग भरला होता. वकिलाने आलेख दाखवला, मी पद्धत सांगितली. स्वभावचित्रण मुंगीकडे होतं. मॅडमनी तिला विचारलं, दासी दुष्ट आहे का?

मुंगी म्हणाली, "नाही, मॅडम. तिचं नायिकेवर प्रेम आहे. फक्त तिला ती बातमी ऐकतानाचा नायिकेचा चेहरा बघायचा होता. तेवढ्यासाठी थांबली."

मॅडमनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून विचारलं, आणि दासीने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर?

मी म्हणाले, "तर आमचा आलेख दुसऱ्या अंकात संपला असता."

सगळा वर्ग हसला. मुंगी सगळ्यांत जास्त हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मॅडमनी वीसपैकी एकोणीस दिले आणि म्हणाल्या, एरवी त्या अठराच्या वर जात नाहीत.

बाहेर आल्यावर, व्हरांड्यात, काकाने सांगितलं. त्याने खिशातून पत्रिकाच काढली. मावशीकडून मागून आणली होती, पुरावा म्हणून. मुंगीने ती दोनदा वाचली, छापखान्याच्या नावासकट. आम्ही तिघं तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिच्या ते लक्षात आलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारी," काका म्हणाला.

तिने बोटं मोजली. मंगळवार, बुधवार, गुरुवार. चौथ्या बोटावर ती थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. मग ती वळून जिन्याकडे चालायला लागली, आणि मी तिच्या मागे गेले. का गेले ते मला नीट सांगता येत नाही. काय होतं ते बघायचं होतं, एवढं खरं.

कार्यालयात तिने कारकुनाला विचारलं, शुक्रवारची सही मागे घेता येईल का. तो म्हणाला, तुमची नाही. मग त्याने टेबलावरचं संस्थेच्या पत्त्याचं पाकीट उचलून दाखवलं. "पण हे अजून गेलेलं नाही, चारच्या टपालाने जाईल. यांनी लेखी माघार घेतली तर जागा मोकळी होते, आणि मोकळ्या जागेवर पहिलं नाव परत तुमचंच." भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याने एक कोरा कागद माझ्यासमोर सरकवला.

मुंगीने माझ्याकडे काही मागितलं नाही. ती टेबलाच्या त्या टोकाला, दोन्ही हात काठावर टेकवून उभी राहिली. तिने रागावून काही बोलावं अशी मी वाट पाहत होते. बोलली असती तर सोपं गेलं असतं.

मी म्हणाले, "माझं घरी सांगून झालंय."

कारकून आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिला. मग त्याने कोरा कागद परत घेतला, पुढच्या कामासाठी गठ्ठ्यात ठेवला आणि पाकिटाचं तोंड दुमडलं. डिंकाची बाटली मुंगीच्या हाताशी होती. त्याने मान वर न करता हात पुढे केला.

तिने बाटली उचलून त्याला दिली.