अडकलेले वाक्य

"अगं बाई, हे पान उघडेपर्यंत माझी स्वेटरची बाही विणून होईल!"

मित्रांनो, ही कुरकुर आत्याची आहे आणि ती माझ्याबद्दल आहे. मी एक जुना सर्व्हर आहे. कानयंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका लहानशा कार्यशाळेत, कामाच्या बाकाखाली माझा मुक्काम असतो. माझी पाठ नेहमी उबदार असते म्हणून आत्या तिच्यावर लोकरीची पिशवी ठेवते. त्यामुळे माझी निंदा मला अगदी जवळून ऐकू येते.

माझा जन्म कारखान्यात झाला असे म्हणतात. मला ते आठवत नाही. मला आठवते ते एक कार्यालय, तिथून झालेली हकालपट्टी, आणि मग ताईचे हात. ताई म्हणजे या कार्यशाळेतल्या बाबांची थोरली मुलगी. तिने मला भंगारवाल्याच्या गाडीवरून उतरवून घेतले, माझ्यातली धूळ रंगाच्या कुंचल्याने झाडली आणि माझ्यावर कार्यशाळेची वेबसाइट ठेवली. हे सगळे ती वाचून आणि चुकून शिकली. तेव्हापासून कोणी फोनवर किंवा संगणकावर आमचे पान उघडले, की ते मी पाठवतो.

तुम्ही म्हणाल, एका दुकानाला पानाचे एवढे काय? पण आमच्या गिऱ्हाइकांना नीट ऐकू येत नाही. ते फोन करून विचारणार कसे? कार्यशाळा उघडी आहे का, दुरुस्ती कोण करणार, हे सगळे ते पानावर वाचतात आणि त्यावर विश्वास ठेवून घराबाहेर पडतात.

सुरुवातीला मी फार हळू होतो. कोणी पान मागितले, की मी प्रत्येक वेळी माझ्या आतल्या कोठारात जायचो. तिथून मजकूर आणायचा, चित्रे आणायची, सगळे जुळवायचे, मग पाठवायचे. माझा पंखा धापा टाकायचा. शेवटी ताईने मला कॅश लावून दिली.

"कॅश गल्ल्यात असते गं. या डब्यात कुठून आली?" आत्याने विचारले.

"ती नव्हे, आत्या. तू सकाळी चहा एकदाच करून थर्मासमध्ये ठेवतेस ना? तसं. पान एकदा बनवायचं, त्याची प्रत जवळ ठेवायची, मागेल त्याला तीच द्यायची."

"आणि चहा शिळा झाला तर?"

"म्हणून तर मुदत घालायची. मुदत संपली की नवीन प्रत."

ताईने चित्रांना वर्षाची मुदत दिली, कारण चित्रे काही बदलत नाहीत. पानाला आठवड्याची दिली. मित्रांनो, काय ते दिवस होते! मागायचा अवकाश, की पान हजर. ताईचा धाकटा भाऊ काउंटर सांभाळतो. त्याला टक्कल पडत चालले आहे, तरी सगळे त्याला छोट्याच म्हणतात. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला माझे कौतुक सांगायचा. आत्याने माझ्या पाठीसाठी लोकरीचा चौकोन विणला. ताईने तो लगेच काढला, हवा कोंडते म्हणून.

मग काहीतरी बिघडले. काय, ते मला अजून नीट समजलेले नाही.

एका शिंप्याचे कानयंत्र बाबांच्या हातून जळाले. बाबा केसासारखी तार जोडत होते आणि डाग देण्याचे तापलेले टोक भलतीकडेच टेकले. छोट्या म्हणाला, "वीज कमी-जास्त होत असेल." ताई म्हणाली, "दिवा जुना झालाय." नवा दिवा आला. मग आणखी एक यंत्र बिघडले. तेव्हा बाबांना नवा चष्मा आला. मग उंच खुर्ची आली. बाबा चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागले होते.

आमच्या पानावर सगळ्यात वर एक वाक्य होते. 'सगळी नाजूक दुरुस्ती बाबा स्वतःच्या हातांनी करतात.' ते वाचूनच लोक यायचे.

एके दिवशी ताई दाराकडे बघत म्हणाली, "छोट्या, पानावरचा मजकूर जरा ताजा करायला हवा."

"हो, ताजा करू," छोट्याही दाराकडेच बघत म्हणाला.

म्हणजे नेमके काय करायचे, हे कोणीच सांगितले नाही. दारात तर कोणीच नव्हते.

आठवड्याने ताईने पान उघडले. वाक्य तिथेच होते. "बदललं नाहीस होय रे?"

"बदललंय गं! तुझ्या कॅशमध्ये अडकलं असेल."

ताईने मला रिकामे केले. ठेवलेली प्रत गेली. मी कोठारात जाऊन नवी आणली, तर तिच्यावरही तेच वाक्य. ताईने मुदत एका दिवसावर आणली. वाक्य तेच. मग छोट्याने तिला विचारले, "तू बदलणार होतीस ना?" ती म्हणाली, "केव्हाच बदललं. हा जुना डबा काही सोडत नाही." मुदत एका तासावर आली, मग एका मिनिटावर.

मित्रांनो, मी गोंधळून गेलो. मी खरेच धरून ठेवत होतो का? जे माझ्याजवळ नाही ते मी सोडणार तरी कसे? दोघांनीही कोठारातला मजकूर उघडला होता, हे मला माहीत होते. छोट्याने 'बाबा' खोडून 'आम्ही' लिहिले आणि परत 'बाबा' लिहिले. ताईने तर 'नाजूक दुरुस्ती आता' एवढेच टाइप केले आणि त्या 'आता'पुढे तिचे बोट थांबले. तिने सगळे पुसले आणि जतन न करताच बंद केले. तरी दोघे बदलले म्हणतात! एवढी शहाणी माणसे खोटे कशाला बोलतील? म्हणजे दोष माझ्यातच असणार, असे मी धरून चाललो.

शेवटी ताईने कॅश पूर्ण बंद केली. मी पुन्हा पहिल्यासारखा धावू लागलो. प्रत्येक मागणीला कोठार, मजकूर, चित्रे, जुळवणी. माझा पंखा किंचाळू लागला आणि आत्या बाहीबद्दल बोलली, ती तेव्हाच.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे यंत्र असेल तर त्याची धूळ झाडा, त्याला मोकळी हवा द्या. आणि त्याने काही चुकीचे दाखवले, तर त्याला रिकामे करण्याआधी एकदा मूळ मजकूर उघडून बघा. यंत्राला शिव्या घालणे फार सोपे असते, कारण ते उलटून बोलत नाही.

त्याच दिवशी एक निवृत्त शिक्षिका आल्या. "किती वेळ पान उघडेचना," त्या छोट्याला म्हणाल्या. "उघडलं तेव्हा वाचलं, बाबा स्वतः करतात. म्हटलं, मग काळजी नाही. दुसरं यंत्र नाही हो माझ्याकडे." त्यांनी कानातले यंत्र काढले आणि सरळ बाबांच्या तळहातावर ठेवले.

ताई उठली. छोट्या घाईघाईने म्हणाला, "बाई, आज जरा सर्व्हर बिघडलाय..."

कानयंत्राच्या दुरुस्तीशी माझा काय संबंध? मी चक्रावलो. शिक्षिकाबाईंना तर काहीच ऐकू आले नाही. त्या हसून बाबांकडे बघत राहिल्या.

आत्या बाबांपेक्षा मोठी. तिने विणकाम खाली ठेवले. "बाळ," ती हळूच म्हणाली, "दे ते इकडे."

बाबांनी दिले नाही. त्यांनी चिमटा उचलला. यंत्र पत्र्याच्या तबकात ठेवले आणि चिमट्याने उचलू गेले. तबकात टकटक टकटक असा आवाज होत राहिला. माझा पंखा किंचाळत होता, तरी तो आवाज सगळ्या खोलीला ऐकू येत होता. फक्त बाईंना नाही.

बाबांनी चिमटा ठेवला आणि पुटपुटले, अगदी स्वतःशी बोलावे तसे.

"काय म्हणालात?" बाईंनी कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोला हो. माझं यंत्र तुमच्याकडे आहे."

बाबांनी एकदा ताईकडे पाहिले, एकदा छोट्याकडे. मग ते बाईंच्या कानाजवळ वाकले आणि भिंतीपलीकडेही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

"माझे हात थरथरतात, बाई! हे काम आता माझ्याच्यानं होत नाही!"