नारूची मोजणी

कलकत्त्याला सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून डॉक्टर झहीर दळवी खालापूरला घरी परतला, तेव्हा पदविका हातात पडायला एक काम बाकी होतं. प्रत्येकाने आपल्या मुलखात जाऊन स्वतःच एखादा प्रश्न निवडायचा, त्यावर काम करायचं आणि वर्षभरात अहवाल पाठवायचा. निरोप देताना प्राध्यापक म्हणाले होते की पुस्तकात काय आहे ते मला माहीत आहे. तुम्ही काय पाहिलंत, काय केलंत आणि कुठे चुकलात तेवढं लिहा.

हे १९४५ साल. प्रश्न शोधायला झहीरला लांब जावं लागलं नाही. कळंबच्या पलीकडे खैरपाडा म्हणून पन्नासेक घरांचं गाव होतं आणि तिथे नारू फार. माणसाच्या पायावर फोड यायचा, तो फुटला की आतून सुतासारखा पांढरा जंत डोकं काढायचा. लोक तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचे. त्यात महिना दीड महिना जायचा, आणि तोही नेमका पालापाचोळ्याचा राब भाजून पेरणीची तयारी करायच्या दिवसांत.

चैत्रात झहीर नेरळला उतरून बैलगाडीने खैरपाड्याला गेला. गावचा पाटील भिवाजी भला माणूस होता. त्याने ओसरीवर जागा दिली आणि बरोबर फिरून घरं दाखवली. झहीर प्रत्येक दारात उभा राहून घरात कुणाला नारू आहे का विचारायचा आणि वहीत लिहायचा. अडतीस माणसं भरली. गावाला पाणी एकाच विहिरीचं, पायऱ्यांची जुनी विहीर. आपण मुसलमान, त्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, हे झहीरला कुणी सांगावं लागलं नाही. भिवाजीनेच बाटली भरून आणून दिली. ती उन्हात धरून झहीरने जमलेल्या पुरुषांना भिंगातून पाण्यातले बारीक, उड्या मारणारे किडे दाखवले. हे पोटात गेले की वर्षाने नारू होऊन बाहेर येतात, म्हणून पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या, असं त्याने समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

महिन्याने तो परत आला. एकाही हंड्यावर फडकं नव्हतं. त्या दिवशी वहीत त्याने लिहिलं की लोक अडाणी आहेत आणि हट्टीही आहेत.

घरी आल्यावर त्याने हे आपल्या थोरल्या बहिणीला, तय्यबाला सांगितलं. ती विधवा होती आणि माहेरीच राहायची. तिने विचारलं की बायका काय म्हणाल्या? झहीर म्हणाला, बायका कुठे समोर येतात. पुढच्या खेपेला ती त्याच्याबरोबर निघाली.

झहीर ओसरीवर बसून राहिला आणि तय्यबा घराघरांत आतपर्यंत गेली. दुपार कलताना ती परत आली, पाणी प्यायली आणि मग म्हणाली, "तुझे अडतीस खोटे आहेत. एकाहत्तर आहेत. बाकीच्या बायका दाराआड होत्या."

"पण मी प्रत्येक दारात विचारलं, आपा."

"तू पुरुषांना विचारलंस. तीन घरांत सासू-सुनेत मिळून एक धड लुगडं आहे, झहीर. एक बाहेर गेली की दुसरी फाटकं गुंडाळून आत बसते. कंट्रोलचं कापड इथवर पोचतच नाही. आणि तू त्यांना सांगितलंस, फडकं दुहेरी करा."

लढाईमुळे कापड मिळत नाही हे त्यालाही ठाऊक होतं. त्याच्या स्वतःच्या सदऱ्याची कॉलर तय्यबानेच दोनदा उलटून शिवली होती. तरी ती गोष्ट आणि हंड्यावरचं फडकं त्याने कधी एकत्र धरलं नव्हतं. त्याने वही काढून 'अडाणी' आणि 'हट्टी' हे शब्द खोडले. मग थोडा विचार करून, खोडलेले शब्द वाचता येतील असे ठेवून, खाली कारण लिहिलं.

संध्याकाळी तय्यबा त्याला सोनाबाईकडे घेऊन गेली. पन्नाशीची बाई, घोट्याला चिंधी बांधून ओट्यावर बसली होती. तिला लागोपाठ तिसऱ्या वर्षी नारू झाला होता. झहीरने पुन्हा सगळं समजावलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पान्यातनं किडा पोटात जातो, ते कळलं. पन पान्यात तो येतो कुठनं?"

ही अर्धी गोष्ट झहीरने मुद्दाम सांगितली नव्हती. सांगितली तर गाव आजाऱ्यांनाच दोष देईल अशी त्याला भीती होती. पण बाई उत्तराची वाट बघत होती.

"पायातून येतो," तो म्हणाला. "फोडाला पाणी लागलं की नारू आपली पिल्लं पाण्यात सोडतो. डोळ्यांना दिसत नाहीत इतकी बारीक. ती त्या किड्यांच्या पोटात जातात."

सोनाबाई आपल्या घोट्याकडे बघत राहिली. फोडाची आग व्हायची, गार पाण्यात पाय बुडवला की बरं वाटायचं. हंडा भरताना ती खालच्या पायरीवर पाण्यात उभी राहायची. सगळ्याच राहायच्या. शेजारची सुंदरा, तिच्या लेकी, सगळ्यांना पुढच्या साली नारू झाला होता.

"म्हंजे मीच," ती म्हणाली.

तय्यबा तिच्याजवळ जाऊन बसली. माहीत नव्हतं त्याचा दोष नसतो, असं तिने सांगून पाहिलं. सोनाबाईने नुसता हात हलवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काठी टेकत विहिरीवर गेली आणि वरच्या पायरीवर बसली. तिथे आलेल्या बायकांना तिने स्वतःचं नाव घेऊन सगळं सांगितलं. मग म्हणाली, "आजपासून ज्याच्या पायाला फोड, त्यानं वरच हंडा ठेवायचा. जिचे पाय धड हायत तिनं कोरड्या पायरीवरनं भरून द्यायचा. पान्यात कुनी पाय घालायचा नाय. पयली मी." झहीर लांब चिंचेखाली उभा होता. त्याला हे पुढे तय्यबाकडून कळलं.

माघात त्याने अहवाल पाठवला. खोडलेल्या शब्दांसकट सगळं त्यात होतं. उपाय सोनाबाईचा आहे आणि परिणाम अजून माहीत नाही, असं शेवटी लिहिलं. पदविका टपालाने आली आणि त्याला कर्जतच्या दवाखान्यात नोकरी लागली. काम खरं तर संपलं होतं. पण वैशाखात तो तय्यबाला घेऊन पुन्हा मोजायला गेला.

बावन्न निघाले. सोनाबाईच्या दुसऱ्या पायालाही फोड होता. भिवाजी संकोचून म्हणाला की डाक्तर, बायकांनी वर्षभर नेम पाळला आणि उपयोग काय झाला? झहीरने सांगितलं की हे नेमाआधी प्यायलेल्या पाण्याचे आहेत. हे बोलताना त्याची स्वतःचीही पुरती खात्री नव्हती. नेम चालू राहिला तो बायकांनी चालू ठेवला म्हणून.

१९४७च्या वैशाखात, बहीणभाऊ सगळी घरं फिरले तेव्हा सात निघाले. झहीरने दोनदा बेरीज केली. भिवाजीने गूळपाणी मागवलं. सोनाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिला आकडा सांगितल्यावर तिचे हात थांबले, ती हसली. मग म्हणाली, "गावात सात. आन् खाली कातकरवाडीत?"

झहीरने वहीकडे पाहिलं. वाडीचं एक पानही त्यात नव्हतं.

"आमी त्यांना विहिरीवर येऊ देत नाय," सोनाबाई खालच्या आवाजात म्हणाली. "ती वढ्यातल्या डबक्यात उतरून पानी भरत्यात. त्यांनाबी नारू होत असनार, हे मला गेल्या सालीच कळायला लागलं."

वाडीतून मोळ्या विकायला येणारा पोशा झहीरने दरवर्षी पाहिला होता. पाय ओढत चालायचा. तो का लंगडतो हे विचारायचं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

तय्यबाने चपला घातल्याच होत्या. दोघं उतारावरून वाडीत गेली. पोशा झोपडीपुढे लाकडं बांधत होता. झहीरने आपण कोण ते सांगितलं आणि किती जणांना नारू आहे ते विचारलं.

"मोजून काय करनार?" पोशाने विचारलं.

"ते अजून मला माहीत नाही," झहीर म्हणाला. "तुम्ही पाणी कुठून आणता, तेवढं आधी दाखवाल?"

पोशाने त्याच्याकडे आणि मग तय्यबाकडे पाहिलं. मोळी बाजूला ठेवली आणि लंगडत पुढे झाला.