आज ते नाव नको

फहमिदाने लोट्यातल्या पाण्यात बोट बुडवून पाहिलं. पाणी कोमट होतं. लोटा तिने अदीबच्या उजव्या हातात दिला, हात धुवायचं तस्त डाव्या हातात, खांद्यावरचा पांढरा टॉवेल सारखा केला आणि त्याच्या झब्ब्याची कॉलर ओढून सरळ केली. कॉलर आधीच सरळ होती. अदीबने तस्त आणि लोटा खाली ठेवले, कॉलर पुन्हा आपल्या मनासारखी बसवली आणि दोन्ही परत उचलले.

"सुरुवात कोणापासून?" तिने विचारलं.

"नवरदेवाच्या आजोबांपासून. मग उजवीकडे. कोणाला सोडायचं नाही. साबण जाईपर्यंत पाणी."

"आणि तोंडाने काय म्हणायचं?"

"सलाम." तो तिच्या खांद्यापलीकडे बघत होता. "फक्त सलाम. ते वाक्य नाही. अम्मी, का नाही?"

"आज लग्न आहे, बाळा," फहमिदा म्हणाली. हे काही उत्तर नव्हे, हे तिलाही कळत होतं आणि अदीबला तर अशा गोष्टी तिच्या आधी कळत. तो आणखी काही विचारायच्या आत तिने त्याला कनातीपलीकडे, पुरुषांच्या बाजूला सोडलं.

पनवेलच्या त्या हॉलमध्ये नुकताच आलियाचा निकाह झाला होता. आलिया म्हणजे फहमिदाच्या थोरल्या नणंदेची, नाझियाआपाची मुलगी. वऱ्हाड मोऱ्याहून आलं होतं, दोन बस आणि चार गाड्या भरून, आणि उरणच्या बाजूची माणसं जेवायला बसली की उठायचं नाव घेत नाहीत म्हणून आचाऱ्याला आधीच ताकीद होती. पाहुण्यांच्या हातावर पाणी घालणं हे दिसायला साधं काम, पण मोहल्ल्यात त्याचा मान मोठा. लग्नाच्या खिदमतीत ज्याचं नाव घेतलं जातं तो पोरगा मोठा झाला, असं धरून चालतात. आलियाच्या भावाचं, ओवेसचं नाव शाळेत असतानाच घेतलं गेलं होतं. अदीबला अठरावं सरलं तरी त्याचं नाव कोणाच्या तोंडी आलं नव्हतं. विसरले असतील म्हणून फहमिदाने बरीच वर्षं वाट पाहिली, आणि विसरलेले नाहीत हे लक्षात आल्यावर एके दिवशी ओढणी सावरून खिदमतीचं बघणाऱ्या बशीरचाचांच्या दुकानात जाऊन उभी राहिली. दोहाहून तिच्या नवऱ्याने, इक्बालने फोनवर सांगितलं होतं की उगाच हसं करून घेऊ नकोस. तिने त्याचं ऐकून घेतलं, तब्येत विचारली आणि फोन ठेवला.

मग गल्लीत सराव सुरू झाला. शेजारणी भाजी निवडत बसल्या असल्या तरी अदीब लोटा घेऊन हजर. त्या महिन्यात गल्लीतल्या बायकांचे हात इतके लख्ख होते की मेहंदी चढेना, अशी त्यांची तक्रार होती. पण काम तो असं शिकला की बघत राहावं. माणसाच्या तोंडाकडे बघायचा नाही, हाताकडे बघायचा. धार बारीक, एकसारखी, बोटांच्या बेचक्यांपर्यंत पोचणारी.

सगळं जुळून आलं होतं, तेवढ्यात मेहंदीच्या दिवशी नाझियाआपाने तिला स्वयंपाकघरात गाठलं. लग्नघरातली अर्धी कामं आपा स्वतः करत होती आणि उरलेल्या अर्ध्यांवर ओरडत होती. त्या दिवशी मात्र तिचा आवाज खाली होता.

"अदीब खिदमतीला उभा राहणार, मला खुशी आहे. पण एक मागते तुझ्याजवळ, फहमिदा. ते नाव काढू नकोस. त्यालाही काढू देऊ नकोस. नवीन माणसं आहेत. उद्या आलियाला मूलबाळ होईल, काही कमीजास्त झालं तर म्हणतील, तुमच्याच रक्तातून आलं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

फहमिदा हो म्हणाली. दुसऱ्या कोणी मागितलं असतं तर तिने त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. पण लहानपणी अदीबचे केस कापायचे म्हणजे घरात रणधुमाळी असे, आणि त्याच्या लाथा पोटावर झेलत त्याला मांडीत धरून बसायला यायची ती ही आपाच. तिला नाही म्हणणं जमलं नाही. रात्री अदीबला समजावताना मात्र फहमिदाची जीभ जड झाली.

कारण तो शब्द या मोहल्ल्यात आणला होता तिनेच. अदीब चार वर्षांचा असताना मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंनी तो तिला दिला. त्याआधी लोकांची पोराला बरीच नावं ठेवून झाली होती. येडा, खुळा, मुका. कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे ही तिन्हीसांजेला चिंचेखालून गेली असेल. जितकी तोंडं तितकी निदानं, आणि प्रत्येकात गुन्हेगार आईच. ऑटिझम हा शब्द ऐकल्यावर फहमिदाला रडू नाही आलं, हायसं वाटलं. घरी येईस्तोवर तिने तो पाठ केला आणि पेढे वाटावेत तसा घरोघर वाटला. बेकरीवाल्याला सांगितला, मदरशात सांगितला, रिक्षा स्टँडवर सांगितला. पायरीवर बसवून सांगितला तो आठ वर्षांच्या ओवेसला. मोहल्ल्यातल्या पोरांत तो शब्द नीट म्हणणारा पहिला ओवेसच. अदीबला कोणी येडा म्हटलं की मुठी आवळून पुढे जायचा आणि म्हणायचा, येडा नाय, ऑटिझम आहे त्याला. आणि अदीब बोलायला लागल्यावर तिने त्यालाही एक वाक्य शिकवलं होतं. माझं नाव अदीब, मला ऑटिझम आहे, जरा थांबा, मी उत्तर देतो. या वाक्यावर तो एकटा बेकरीत जाऊन पाव आणत होता, एकटा रिक्षात बसत होता.

ते वाक्य आज दोघं घरी ठेवून आली होती.

बायकांच्या बाजूला दस्तरखान अंथरले गेले. मधोमध मोठा थाळ, भोवती पाच-सहा जणी. मानाच्या थाळावर नवरदेवाची आई, झुलेखाबी, तिच्या एका बाजूला नाझियाआपा आणि दुसऱ्या बाजूला मुलीची मामी म्हणून फहमिदा. विहीणबाई उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. दागिने अंगभर, पण बसल्या होत्या अवघडून, घरी दूध उतू जात असल्यासारख्या. आपा त्यांच्यापुढे भाताचा डोंगर रचत होती आणि त्या नको नको म्हणत होत्या.

फहमिदाचं जेवणात लक्ष नव्हतं. कनातीचं कापड तिच्या पाठीशी होतं आणि ती जिवाचा कान करून पलीकडचं ऐकत होती. भांड्यांचे आवाज, पोरांची धावपळ, आणि त्या गलक्यातून अधूनमधून तस्तात पडणारी बारीक धार. मग अदीबचा सपाट आवाज, सलाम. पुन्हा धार. एक म्हातारा आवाज कोणाला तरी सांगत होता की अरे, या पोराने हात धुतले की नमाजाआधी वजू केल्यासारखं वाटतं. फहमिदाने ओठ मिटून घेतले, नाहीतर हसू विहिणीच्या डोळ्यांत भरलं असतं.

तेवढ्यात पलीकडे कोणीतरी धांदलीत चुकीच्या पंगतीला जर्दा, म्हणजे गोड भात नेला. ओवेसचा आवाज चढला. आता तो खारघरला इंजिनिअरिंगला होता, आणि आज भाऊ म्हणून सगळ्या पोरांचा मुकादम.

"अरे साजिद, ऑटिस्टिक आहेस काय? बिर्याणी पोचली नाय अजून आणि जर्दा वाटतोयस?"

पोरं खदखदून हसली. वऱ्हाडातलीही हसली.

फहमिदाचा घास हातातच राहिला. तिला राग यायला हवा होता, तो नंतर आला. आधी आलं ते नवल. जो शब्द तिने आज आपल्या पोराच्या तोंडातून काढून घेतला होता, नाव म्हणून ज्याला या हॉलमध्ये जागा नव्हती, तो शिवी म्हणून बिनधास्त हिंडत होता आणि नव्या पाहुण्यांना चालत होता. कुठे शिकला ओवेस हे? कॉलेजात शिकला असेल, फोनवर शिकला असेल. पण मुळाक्षरं तिनेच गिरवून घेतली होती, त्या पायरीवर. तिने आपाकडे पाहिलं. आपाने ऐकलं होतं. ती मान खाली घालून भातातली वेलची शोधत होती.

पलीकडचं हसू अजून ओसरलं नव्हतं, तेव्हा अदीबचा आवाज आला. त्याचा आवाज गर्दीत चढत नाही आणि एकांतात उतरत नाही, एकाच उंचीवर असतो, म्हणून सगळ्यांना ऐकू गेला.

"ओवेसभाई, साजिदला नाही. मला आहे. ऑटिझम मला आहे. काय काम होतं?"

हसू थांबलं.

"मी हात धुतोय यांचे," अदीब म्हणाला. "हे झाले की येतो."

आणि धार पुन्हा सुरू झाली. इतकी शांतता झाली होती की ती शेवटपर्यंत ऐकू आली, बारीक, एकसारखी, साबण जाईपर्यंत. मग ओवेस बोलला, पण मघाचा मुकादम त्यात नव्हता.

"काही काम नाय, अदीब. तू कर तुझं."

एवढंच. हळूहळू पलीकडे पुन्हा गलका सुरू झाला. फहमिदाने घास तोंडात घातला आणि चावला. तिची पाठ आपोआप ताठ झाली होती. चार माणसांत, नवऱ्यामुलाच्या आजोबांसमोर, तिच्या पोराने आपली वस्तू उचलून घेतली होती, दुसऱ्याच्या अंगणात पडलेली आपली चप्पल माणूस उचलतो तशी, न भांडता. त्याला शिवी कळली होती की नव्हती, हे तिला कधीच सांगता आलं नसतं, आणि त्या घडीला तिला ते जाणून घ्यायचंही नव्हतं. तिला एवढंच वाटत होतं की हा मुलगा आपला आहे हे साऱ्या पनवेलला कळलं पाहिजे.

"कोण बोललं ते?" विहीणबाईंनी विचारलं.

"तो होय," आपा घाईने म्हणाली, "तो आपला, म्हणजे आमच्याकडे..."

"माझा मुलगा आहे," फहमिदा म्हणाली. "अदीब. त्याला ऑटिझम आहे."

घरोघर सांगितलं होतं तसंच सांगितलं, ना आवाज दाबून ना चढवून. दिलेला शब्द मोडला होता. आपाच्या तोंडावरचा रंग उतरला, आणि फहमिदाला तिच्यासाठी वाईट वाटलं, पण केल्याचं वाईट वाटलं नाही.

विहीणबाईंचा हात थाळात तसाच राहिला. त्यांनी कनातीकडे पाहिलं, मग फहमिदाकडे. शेजारच्या थाळावरच्या बायका जेवता जेवता हळू झाल्या. आता ठरलेला प्रश्न येईल म्हणून फहमिदा तयार होऊन बसली. कोणाच्या बाजूने आलं, बरं होतं का, दुवा-तावीज केलं का. या प्रश्नांची उत्तरं तिच्याकडे केव्हाची तयार होती.

"बोलायला कधी लागला?" विहीणबाईंनी विचारलं.

आपाला त्यात काही वेगळं दिसलं नाही. फहमिदा मात्र वळून त्यांच्याकडे पाहतच राहिली. इतक्या वर्षांत हजार जणींनी हजार गोष्टी विचारल्या होत्या, पण सगळ्यात आधी हाच प्रश्न, आणि इतक्या खालच्या आवाजात, कोणी विचारला नव्हता. घरात पहिल्या शब्दाची वाट बघत जी बसलेली असते, तिलाच तो सुचतो.

"सातव्या वर्षी," ती हळूच म्हणाली. "पहिला शब्द पंखा. आम्ही सगळे पंख्याकडे बघत बसलो."

विहीणबाई हसल्या. मग हसता हसता थांबल्या.

"आमची धाकटी नऊची झाली," त्या म्हणाल्या.

"नाव काय?"

"अफशीन."

"आली नाही आज?"

"बहिणीजवळ ठेवून आले." विहीणबाईंनी आपाकडे पाहायचं टाळलं. बांगड्या मागे सारल्या, पुन्हा पुढे ओढल्या. "म्हटलं, नवीन माणसं आहेत."

आपाची बोटं भातात स्थिर होती. कनातीपलीकडे अदीब पुढच्या पंगतीला सलाम करत होता.

फहमिदाने थाळातला चांगलासा मटणाचा तुकडा निवडून विहीणबाईंच्या बाजूला सरकवला. "उद्या वलीम्याची दावत तुमच्याकडे ना? मग माझी जागा अफशीनच्या थाळावर धरा."

विहीणबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी मान हलवली, आधी नाही म्हणून, मग कशीही.

"फार सांडते हो ती," त्या म्हणाल्या. "चार लोकांत, सगळ्या दस्तरखानभर सांडते."

"सांडू दे," नाझियाआपा म्हणाली.