लाल फुलाची जागा

स्वीडिश माणूस वाकून जमिनीकडे बघायला लागला की माझा नवरा शुल त्याची पाठ सोडत नाही. उगाच नाही. शुलचा थोरला भाऊ स्वीडनच्या राजाच्या खाणीतला चांदीचा दगड रेनडिअरवर लादून डोंगर उतरवायचा. एका हिवाळ्यात नाही म्हणाला, तर शिपायांनी त्याला दोरीला बांधून बर्फाखालच्या नदीतून ओढलं. गेलाच तो. पुढे खाण बंद पडली. पण तसलाच दगड आमच्या तळामागच्या उतारावर आहे, हे आम्हा रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांखेरीज कुणाला ठाऊक नाही. ज्या दिवशी ठाऊक होईल, त्या दिवशी आमचा कळप आणि आमची पोरं ओझ्याला जुंपली जातील.

अशात हे तोर्सांदर मास्तर उगवले. उप्सालाच्या विद्यापीठातून, नॉर्वेवरून, पायी. बूट फाटलेले, नाक उन्हानं सोललेलं, पाठीवर झोळी. म्हणे, फुलं गोळा करतो.

"एवढा दाढीवाला बाप्या, आणि फुलं?" शुल माझ्या कानाशी लागला. "कुठंतरी पाणी मुरतंय."

"अरे, त्यानं एका दगडाला तरी हात लावलाय का?"

"लावत नाही, हेच तर वाईट!"

घ्या! अशा माणसाशी काय बोलायचं?

मला मास्तर आवडले होते. चीज मागून मागून खायचे. म्हणायचे, "वहिनी, आई म्हणाली पाद्री हो, निदान पोटाला मिळेल. मी मात्र नॉर्वेच्या किनाऱ्यापासून इथवर गवतात रांगतोय." आणि स्वतःच हसायचे.

ते ओढ्यावर तोंड धुवायला गेले तशी शुलनं झोळी उपडी केली. कागदांच्या घड्यांत दाबलेली फुलं. नुसती फुलं. एक खडा नाही.

"झालं समाधान?" मी म्हटलं.

तेवढ्यात शेवटच्या घडीतून इवलंसं लाल फूल निघालं, आणि मीही खाली वाकले. आमच्याकडे ते त्या उतारावरच उगवतं, त्या दगडाच्या मातीत, जिथं दुसरं काही धड जगत नाही. आमची म्हातारी माणसं त्याच्यावरूनच दगड ओळखायची.

"ठेव परत," मी म्हटलं. "त्यांना काय कळतंय? एवढ्या फुलांतलं एक फूल."

ऐकेल तर शुल कसला! फूल चुलीत गेलं. बाकीचं होतं तसं बांधून ठेवलं.

मास्तरांनी येऊन घड्या उलटल्या आणि थांबले. "वहिनी, यात एक लाल फूल होतं."

"वाऱ्यानं गेलं असेल," शुल मध्येच बोलला.

"बरोबर तेवढंच?"

शुल चुलीकडे बघायला लागला. मेलं तोंड असं की आंधळ्यालाही कळावं.

"असू दे," मास्तर म्हणाले. "जागा लक्षात आहे. दुसरं आणतो."

"तिकडे नको!" शुल ओरडला. "तिकडे... अस्वल आहे!"

मास्तरांनी मान वळवली. त्याच उतारावर आमची पोरं पाडसांमागे खिदळत पळत होती.

 मास्तर झोळी इथंच ठेवून वर चढले. शुल माझा हात घट्ट धरून उभा होता. मला त्याचा राग आला होता आणि रडूही येत होतं.

वर लाल फुलं डोलत होती. मास्तर त्यांच्यापाशी गुडघ्यांवर बसले. एकालाही हात लावला नाही. फुलं बाजूला सारून त्यांनी खालची माती उकरली, एक दगड उचलला आणि उन्हात धरला.