धोट्याचा विटाळ

काशीराम परब एके काळी गिरणीत विणकर होता, आणि हे तो चाळीत कुणालाही विसरू देत नसे. जुन्या गिरणीत मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी धोट्यातला धागा विणकर तोंडाने ओढून काढायचे. एकाचा धोटा उद्या दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून दलितांना विणखात्यात घेत नसत. त्यांना कमी पगाराची खाती. पुढे संप झाला, गिरणी बुडाली, आणि काशीराम घाटकोपरला प्लास्टिकच्या बादल्यांच्या कारखान्यात मुकादम झाला. तिथे ना धोटा, ना धागा. विटाळ मात्र स्वारीने ट्रंकेत घालून बरोबर आणला होता.

कोणाला ऑपरेटर करायचं हे मालकाने मुकादमावर सोडलेलं. त्याच्या गावाकडची, कोकणातली पोरं वर्षाच्या आत ऑपरेटर व्हायची. रतन खरात आणि त्याच्या वस्तीतले बाकीचे बौद्ध कामगार तीच मशीन चालवायचे, पण पगार हेल्परचा. कोणी विचारलं की काशीराम म्हणायचा, "त्यांचा खर्च तो काय असतो?" काय ती अक्कल!

या अक्कलवंताने बायकोला, सुगंधाला, कारखान्याच्या गेटसमोर खाणावळ काढून दिली. म्हणजे बांगड्या तिच्या मोडल्या, सल्ला त्याचा. "एवढी माणसं समोर आहेत, रांग लागेल गो!"

रांग कसली लागते? ऑपरेटर घरचा डबा आणायचे, आणि हेल्पर भिंतीच्या सावलीत बसून भाकरी-ठेचा खायचे. सुगंधाची आमटी रोज उरायची. शेवटी एक दिवस ती पदर खोचून रतनसमोर जाऊन उभी राहिली.

"काय रे, माझ्या हातचं चालत नाही तुला?"

"चालतं ना वहिनी, परवडत नाही. ऑपरेटरचा पगार मिळू दे, रोज तुमच्याकडेच जेवतो आम्ही सगळे. मुकादमांना सांगा ना."

तिने घरी येऊन सांगितलं. काशीराम हसला. "एकाला वर घेतलं की सगळे डोक्यावर बसतील."

"बसू देत की! आधी माझ्या बाकड्यावर बसतील."

पण ऐकेल तो काशीराम कसला? गणपतीच्या आत खाणावळ बंद पडली. बांगड्या गेल्या त्या गेल्याच. रतनला मुलुंडच्या एका कारखान्यात ऑपरेटर म्हणून घेतलं, त्याच्यामागून त्याचे सोबतीही गेले. इकडे नवशिक्यांच्या हातून तडा गेलेल्या बादल्या निघू लागल्या, गिऱ्हाइकं तुटली आणि मुकादमाला घरी बसवलं. आपल्या हाताने आपली चूल विझवायला एवढा शहाणा माणूस लागतो.

घर चालवायला सुगंधा मुलुंडला एका खाणावळीत पोळ्या लाटायला जाऊ लागली. येताना उरलेल्या पोळ्या घेऊन यायची.

"पोळ्या मऊ आहेत गो," काशीराम एकदा जेवता जेवता म्हणाला. "गिऱ्हाईक बरं असतं वाटतं?"

"बरं म्हणजे? रतन आणि त्याची सगळी माणसं तिथेच जेवतात. त्यांच्या पैशातून माझा पगार होतो, आणि माझ्या पगारावर तुम्ही जेवताय." तिने त्याच्या तोंडाकडे रोखून पाहिलं. "घास तोंडात आहे. गिळताय, की थुंकताय?"

काशीरामने घास गिळला आणि दुसऱ्या पोळीसाठी ताट पुढे केलं.