मिशीखालचा सूर

काशिरामचा हात चाचपडत वर आला, तसा धर्मराज उशी सारखी करायच्या निमित्तानं मागं सरकला. हात थोडा वेळ हवेतच राहिला, मग चादरीवर उतरला.

"कुठं गेलास रं?"

"हितंच हाय, बाबा. उशी खाली गेलेली."

काशिरामचे डोळे काचबिंदूनं गेले होते. तेव्हापासून तो माणसं हातानं ओळखायचा. बायकोच्या हातातल्या बांगड्या, नातीची वेणी आणि लेकाची मिशी. धर्मराज खाटेजवळ बसला की म्हातारा आधी त्याच्या ओठावरून अंगठा फिरवी, मगच बोलायला लागे.

"मिशी पिकली का रं तुजी?" त्यानं विचारलं.

धर्मराजनं दाराशी बसलेल्या आईकडे पाहिलं. गुणाबाई सुपातला जवळा निवडत होती. तिनं मान वर केली आणि लगेच खाली घातली.

"जरा जरा," धर्मराज म्हणाला.

"तेल लावीत जा. पिकली का राठ होते. वाजवताना टोचंल."

"लावतो."

काशिराम हसायला लागला. आवाज न करता, नुसतं पोट हलवत, खोकला येईपर्यंत हसला. धर्मराजनं त्याला पाणी पाजलं, तेही हात लांब करून.

पिकायला मिशी होती कुठं? तिला जाऊन महिना होत आला होता. सगळ्या कोळीवाड्याला ठाऊक होतं, एका बापालाच तेवढं नव्हतं.

आता यात एवढं लपवण्यासारखं काय, असं पनवेलच्या नव्या इमारतींत राहणाऱ्या कुणाला वाटेल. पण काशिरामच्या घरात मिशी पोराची नसे, बापाची असे. बाप जिवंत असेतोवर ती ठेवायची आणि बाप गेला की दहाव्याला उतरवायची. काशिरामनं स्वतःची मिशी त्याचा बाप गेला तेव्हाच उतरवली होती, आणि ओठ उघडा पडल्यावर तो दोन दिवस तोंडावर टॉवेल घेऊन फिरला, असं गुणाबाई सांगायची. धर्मराजला सतराव्या वर्षी मिसरूड फुटलं तेव्हा म्हाताऱ्यानं होडीवरच्या सगळ्यांना भजी खिलवली होती. वर लेकाला दम भरला होता, "मी मरस्तोवर हिला वस्तरा लावायचा नाय."

त्याच वर्षी धर्मराज कृष्णकांतच्या ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट शिकायला लागला होता. मिसरूड कोवळं होतं तोवर त्याचा सूर खाडीपलीकडं जायचा. पुढं मिशी भरली, दाट झाली, ओठावर उतरली, आणि सूर हळूहळू घरात बसला. माउथपीसची कड ओठाला घट्ट टेकली तर फुंकलेला वारा सगळा आत जातो. मध्ये केस आले की कड हलते, वारा कडेनं निसटतो आणि वरचा सूर चढता चढता फाटतो. मिशी ठेवून झकास वाजवणारेही असतात, नाही असं नाही. पण धर्मराजची मिशी होती खराट्यासारखी. त्यानं ती कोरली, वर वळवली, मेण लावून बसवली. हळदीच्या मांडवात घाम सुटला की ती पुन्हा कडेखाली यायचीच.

कृष्णकांतनं वर्षानुवर्षं सांभाळून घेतलं. मिशी गेली त्या साली मात्र तो शिमग्यानंतर घरी आला. एक तर लोकांना डीजेचं वेड लागलेलं, बँडला बोलावणारे कमी होत चाललेले. त्यात हळदीचा पहिला सूर ट्रम्पेटनं एकट्यानं द्यायचा, मग बाकीचा बँड उठायचा, आणि तो पहिलाच सूर फाटला तर मांडवातली पोरं तोंडावर हसतात.

"धर्मा, अवंदा पयला सूर प्रितमला देतो," कृष्णकांत म्हणाला. "तू त्याच्या मागं वाजव."

प्रितम चोवीस वर्षांचा. गाल तुळतुळीत आणि सूर मोकळा.

धर्मराज दिवसभर जेएनपीटी बंदराच्या यार्डात कंटेनर मोजायचा. तिथं तो कुणीच नव्हता, बिल्ला लावलेला एक माणूस. त्याला नाव होतं ते त्या पहिल्या सुरामुळं. तेवढंच एक होतं आणि तेही चाललं होतं.

चार दिवस त्याला जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी तो खांदा कॉलनीतल्या एका चकचकीत सलूनमध्ये गेला. ओळखीच्या शिवा न्हाव्याकडं जायची छाती झाली नाही, कारण शिवा दर रविवारी घरी येऊन काशिरामची दाढी करायचा. सलूनमधल्या पोरानं "क्लीन करू ना, अंकल?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मशीन लावलं. बावीस वर्षांची मिशी एका फटक्यात ॲप्रनवर पडली. आरशात त्याला एक अनोळखी, घाबरलेला माणूस दिसला.

पाच-सहा दिवस उघड्या ओठावर माउथपीस घामानं घसरत राहिलं. मग बसलं. आणि एका संध्याकाळी, घरामागं खाडीकडं तोंड करून वाजवताना, त्याच्या ट्रम्पेटमधून तो जुना सूर निघाला. सरळ, कुठंही न अडखळता वर गेला. धर्मराजच्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच त्याला आठवलं, की आत खाटेवर बाप पडलाय, आणि त्याला चोरी पकडल्यासारखं झालं.

पहिला सूर त्याच्याकडंच राहिला. घरात त्यानं सगळ्यांना शपथ घातली. रविवारी शिवा आला तेव्हा त्यालाही दारातच गाठून सांगितलं, "बाबाला बोलू नको." शिवानं त्याच्या ओठाकडं बघितलं आणि मान हलवली.

तेव्हापासून धर्मराज खाटेच्या पायथ्याशी बसायला लागला. पाय चेपायचा, नखं काढायचा, पण तोंड बापाच्या हाताच्या टप्प्यात येऊ द्यायचा नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं बापाचा साधा प्रश्नही त्याला झडतीसारखा वाटायचा. आणि म्हाताऱ्याचं आपलं चालूच होतं. लग्नात मिशीला पीळ देतोस का? जेवताना आमटीत बुडते का? धर्मराज एकावर एक थापा मारत जायचा आणि म्हातारा हसत राहायचा.

पावसाच्या तोंडाला काशिरामला धाप लागली. डॉक्टरांनी घरीच राहू द्या म्हणून सांगितलं. शेवटच्या दुपारी गुणाबाई डोक्याशी बसली होती, धर्मराज पायांशी. काशिरामनं हात उचलला आणि बोटांनी हवेत खूण केली.

"तुला बोलवतंय," गुणाबाई म्हणाली.

धर्मराज जवळ गेला. वाकला. हात त्याच्या तोंडाकडं यायला लागला. सुरकुतलेला, दोरानं घट्टे पडलेला तो अंगठा ओठाच्या अगदी जवळ आला, तेव्हा धर्मराजनं तोंड फिरवलं. हात कानाला लागून खांद्यावर पडला. त्यानं तो धरला, घट्ट धरला, पण चेहऱ्याकडं नेला नाही. शेवटच्या क्षणी फसवणूक कळून बापानं जाऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं. थोड्या वेळानं हातातला जोर गेला.

दहाव्याला गाढी नदीच्या काठी शिवानंच वस्तरा धरला. डोकं झालं, गाल झाले. ओठावर आला तेव्हा तिथंही गालावर होते तेवढेच खुंट. मागं उभा असलेला एक चुलता दुसऱ्याच्या कानाशी लागला, पण धर्मराजला ऐकू गेलंच.

"ह्याची आधीच गेलेली ना?"

बापाला द्यायची एकच वस्तू होती आणि ती त्यानं आधीच खर्चून टाकली होती. त्या सुरासाठी. धर्मराज मान खाली घालून बसला आणि नदीचं गढूळ पाणी बघत राहिला.

त्यानंतर त्यानं ओठाला वस्तरा लावला नाही. पावसाळाभर मिशी वाढू दिली. सुरुवातीचे खुंट माउथपीसखाली सुईसारखे टोचायचे, ओठ सुजायचा. ते दुखणं त्याला बरं वाटायचं. गुणाबाई सगळं बघायची, एकदा म्हणालीही, "कशाला जिवाला लावून घेतंस?" तो ट्रम्पेट पुसत राहिला. तुळशीच्या लग्नापर्यंत मिशी पहिल्यासारखी भरली, आणि विचुंब्याच्या पहिल्याच हळदीला पहिला सूर मधोमध फाटला. नव्या बिल्डिंगच्या गॅलऱ्यांतून बघणारे लोक हसले. प्रितमनं मागून पटकन सूर उचलला म्हणून बँड उठला तरी.

मांडवामागं कृष्णकांतनं त्याला गाठलं.

"ही परत कुठून आणलीस?"

"बापसाची हाय," धर्मराज म्हणाला.

"बापूस व्हता तवा नव्हती. आता कोणाला दाखवतोस?"

कृष्णकांत मनानं वाईट नव्हता, सूर फाटल्याच्या रागात बोलून गेला. पण ते वाक्य धर्मराजच्या काळजात रुतलं. दोन दिवस तो यार्डात मोजणी चुकत राहिला. मग रविवारी सकाळी शिवाच्या दुकानात जाऊन खुर्चीत बसला.

"नुसती कोर," तो म्हणाला. "ओठावरनं जरा वर घे. काढू नको."

शिवानं त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. कात्री घेतली, दोनदा हवेत चालवली आणि परत ठेवून दिली. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. रेडिओ चालू होता, तो त्यानं बंद केला.

"धर्मा, एक बोलू? तुझ्या बापसानं मला बोलायला बंदी केलेली."

"कसली बंदी?"

"त्याला ठावं व्हतं."

धर्मराजनं आरशातून त्याच्याकडं पाहिलं.

"तू मला दारात गाठलंस ना, त्याच दिवशी. मी आत गेलो, साबण लावला, तर म्हातारा मला बोलतो, शिवा, पोऱ्यानं मिशी काढली काय रं? मी बोललो, नाय बा. तर बोलतो, खोटं बोलू नको, काल सांजचा मी त्याचा सूर ऐकला. मिसरूड कोवलं व्हतं तवा असाच वाजवायचा. मधल्या वर्सांत असा सूर नाय आला." शिवानं कंगवा उगीचच कापडावर पुसला. "मग काय लपवू? बोललो, व्हय, काढली."

"मग?"

"मग काय. गप पडून ऱ्हायला. मला वाटलं, चिडला. तर बोलतो, माझ्या एका बोलण्यापायी पोऱ्यानं इतकी वर्सं सूर दाबून धरला, आन मला कवा कललं नाय. आता त्याला बोलू नको मला ठावं हाय म्हणून. लाजंल, वाजवायचा थांबंल. आन मग हसायला लागला. बोलतो, मी पन जरा त्याची मज्जा करतो."

पिकलेली मिशी. तेल. आमटीत बुडते का. धर्मराजच्या डोळ्यांसमोर बापाचं हलणारं पोट आलं. त्याचेही खांदे हलले, पण ते हसणं नव्हतं.

"शेवटच्या रविवारी लई दमलेला," शिवा हळू आवाजात म्हणाला. "दाढी झाल्यावर माझा हात धरला. बोलतो, एकदा त्याच्या ओठाला हात लावून बघायचं हाय. ल्हान व्हता तवा कसा लागायचा तसा लागतो काय. पन तो जवल येतच नाय."

बाहेरून एक रिक्षा गेली. धर्मराजनं कापडाखाली आपल्याच एका हातानं दुसरा हात घट्ट धरला होता. मघाशी आरशात बघत होता, ती नजर आता खाली गेली होती. इतके महिने त्याला वाटत आलं होतं, की आपण बापाला फसवलं हा गुन्हा. तो तर गुन्हाच नव्हता. गुन्हा दुसराच होता, त्या दुपारचा, आणि त्याची माफी द्यायला आता कुणी उरलं नव्हतं.

"आधी का नाय बोललास?" त्यानं विचारलं.

"दहाव्याला बोलनार व्हतो. तुझं तोंड बघून नाय बोलवलं. मग म्हटलं, जाऊ दे, वाजवतोय ना. परवा विचुंब्याचं कानावर आलं."

धर्मराजनं मान वर करून आरशातल्या मिशीकडं बघितलं.

"काढ," धर्मराज म्हणाला.

शिवानं साबण फेसला. वस्तऱ्यात नवं पातं घातलं, नाकाचा शेंडा दोन बोटांनी वर धरला आणि केस उतरवले. पुन्हा उलटा हात घेतला. तुरटी फिरवली, ओल्या टॉवेलनं पुसलं. मग सवयीप्रमाणं, खुंट राहिलाय का बघायला, त्यानं ओठावरून अंगठा न्यायला घेतला.

धर्मराजची मान आपोआप बाजूला वळली.

त्यानं ती परत सरळ केली. डोळे मिटले आणि तोंड पुढं केलं. शिवाचा म्हातारा, खरखरीत अंगठा ओठाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला.

"गुळगुळीत झालं," शिवा म्हणाला. "कुठं नाय ऱ्हायलं."

"परत एकदा बघ," धर्मराज म्हणाला.