चौसष्ट वेढे

“आवडता रंग?” चौकशीनं विचारलं आणि पेनाचं टोपण दातांत धरून माझ्याकडे पाहिलं.

“पांढरा.”

“पांढरा काय रंग झाला? तुला लाल आवडायचा. माझी लाल छत्री मागून न्यायचीस.”

“पांढरा लिही.”

तिनं लिहिलं. तिच्या खोलीत बसण्यासारख्या दोनच जागा उरल्या होत्या, एक खुर्ची आणि एक बांधलेलं खोकं. खुर्ची तिनं मला दिली होती आणि स्वतः खोक्यावर बसली होती, गुडघ्यांवर वही घेऊन. उद्या सकाळी जावई गाडी घेऊन येणार होते. ती कायमची लेकीकडे राहायला चालली होती, दोन दिवसांच्या प्रवासावर. दोघीही साठी ओलांडलेल्या, एकीचे गुडघे गेलेले, दुसरीचे डोळे. पुन्हा भेट होईलच असं कोणी छातीठोकपणे सांगावं अशी परिस्थिती नव्हती. मी सामान बांधायला हातभार लावायचा म्हणून आले होते, पण आल्यापासून एक चमचासुद्धा बांधला नव्हता, कारण बाईसाहेबांनी वहीत चाळीस प्रश्न लिहून तयार ठेवले होते.

तिकडे मला कोण उत्तरं देणार, असं तिचं म्हणणं. लेक दिवसभर कामाला, आणि जावई तसे चांगले, पण हो-नाहीच्या पुढे त्यांची गाडी जात नाही. कंटाळा आला की ती माझी उत्तरं काढून वाचणार होती.

चौकशी हे तिला कारखान्यात पडलेलं नाव. कारखाना कसला, जळालेल्या मोटरी दुरुस्त करायची पत्र्याची लांब शेड. ती कामाला लागली त्या पहिल्या आठवड्यात तिनं सगळ्यांना घर कुठे, भावंडं किती, झोप कशी लागते इथपर्यंत विचारून घेतलं. मालक वैतागून म्हणाले, “बाई, ही काय चौकशीची खिडकी आहे का?” तेव्हापासून ती चौकशी झाली. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. फोनवरसुद्धा स्वतःला चौकशीच म्हणवून घ्यायची.

आम्ही दोघी एका टेबलावर समोरासमोर कॉइल भरायचो. म्हणजे मशीनचं हँडल फिरवून तांब्याची तार लाकडी फर्म्यावर मोजून गुंडाळायची. चौसष्ट वेढे सांगितले तर चौसष्टच. कमी पडले की मोटर तापते आणि एक दिवस जळते. मशीनला काउंटर होता, पण तो मनाला येईल तेव्हा अडकायचा, म्हणून आम्ही तोंडानं मोजायचो. मोजणाऱ्याशी बोलायचं नाही हा शिरस्ता. चौकशीनं त्यातूनही वाट काढली होती. मी हँडलला हात घालायच्या आधी ती एक प्रश्न टाकायची आणि माझी कॉइल भरून फर्म्यावरून उतरली की उत्तर घ्यायची. समुद्र आवडतो की डोंगर? पुन्हा शाळेत जायला मिळालं तर कोणाशेजारी बसशील? दिवसाला पंधरा-वीस कॉइली, तेवढेच प्रश्न. मी एका शब्दात उत्तर द्यायचे आणि पुढच्या कॉइलीला लागायचे. उलट तिला काही विचारावं असं मला कधी सुचलं नाही. खरं सांगायचं तर मला तिच्या प्रश्नांची सवय झाली होती, तिची नव्हे. हे मला फार उशिरा कळलं.

“सकाळ की संध्याकाळ?”

“संध्याकाळ.”

“कशाची भीती वाटते?”

“तुझ्या पुढच्या प्रश्नाची.”

ती हसली आणि तेच लिहून घेतलं. मग एकाएकी सामानाची आठवण होऊन उठली. खिडकीत धुऊन पालथे घातलेले कप होते. त्यांच्यावरून बोट फिरवत ती मोजायला लागली. एक, दोन, तीन, असं आठपर्यंत. मग पुन्हा पहिल्या कपावर बोट आणून एक, दोन, तीन, असं आठपर्यंत. ही तिची जुनी सवय. बसमधून उतरताना पिशव्या दोनदा मोजायची, औषधाच्या गोळ्या दोनदा मोजायची, जिन्याच्या पायऱ्यासुद्धा चढताना आणि उतरताना. आम्ही सगळे तिला त्यावरून चिडवायचो. मीही चिडवायचे.

कप तसेच ठेवून ती परत खोक्यावर येऊन बसली. “आता एक जुना प्रश्न. याचं उत्तर तू मला दिलेलं नाहीस.”

“तुझा कुठला प्रश्न मी सोडलाय?”

“हा सोडलास. शेडमध्ये, टेबलावर. लहानपणी तुला काय व्हायचं होतं? मी विचारलं, तू कॉइल भरायला लागलीस, आणि मी हात धुऊन येईपर्यंत काही न बोलता पिशवी उचलून निघून गेलीस. मला वाटलं, नको तिथे बोट लागलं. म्हणून परत विचारलं नाही.”

तेवीस वर्षं झाली होती. मला वाटलं होतं, तो प्रश्न फक्त मला आठवतो.

त्या दिवशी सुट्टी व्हायला दहा मिनिटं राहिली होती. एका दवाखान्याच्या पाण्याच्या पंपाची मोटर होती, निम्म्या कॉइली तिनं भरायच्या, निम्म्या मी. माझी शेवटची राहिली होती. मी हँडल धरलं आणि तिनं तो प्रश्न टाकला. मला तो तोपर्यंत कोणी विचारला नव्हता, आईनं नाही, शाळेत नाही, लग्नाला बावीस वर्षं झाली तरी घरी नाही. मी मोजत होते आणि मला दिसायला लागलं की मी आठ वर्षांची आहे, पायरीवर बसले आहे, हातात पातेल्यावरचं मोठं झाकण आहे आणि ते मी दोन्ही हातांनी वळवते आहे. मला बस चालवायची होती. आमच्या रस्त्यावरून जाणारी, सगळी माणसं भरून नेणारी मोठी बस. भान आलं तेव्हा हात फिरतच होता आणि मोजणी कुठल्या कुठे गेली होती.

अशा वेळी तार उलगडायची आणि पहिल्यापासून भरायची. शिकाऊ मुलीलाही हे ठाऊक असतं. पण माझी शेवटची बस चुकली असती आणि घरी त्यावरून बोलणी खावी लागली असती. मी अंदाजानं आणखी काही वेढे दिले आणि कॉइल उतरवली. बांधायला घेतली तर माझं रीळ संपलेलं. प्रत्येक कॉइल भरणाऱ्याचा बांधायचा दोरा वेगळ्या रंगाचा असायचा, म्हणजे मोटर परत आली तर कोणाच्या हातची ते कळावं. माझा पांढरा, तिचा लाल. दुसऱ्याचा दोरा वापरायचा नाही, मालकांचा हा एक नियम सगळे पाळायचे. चौकशी हात धुवायला नळावर गेली होती. मी तिच्या रिळाचा वीतभर दोरा तोडला, कॉइल बांधली आणि पळाले.

मोटर पंपाला न जोडता, रिकामी चालवून पाहिली तेव्हा नीट फिरली. तीन आठवड्यांनी ती परत आली, जळून काळी झालेली. दवाखान्यात दोन दिवस पाणी नव्हतं. मालकांनी आम्हा सगळ्यांसमोर जळालेली कॉइल उघडली, वेढे मोजले. पंचावन्न भरले. दोरा एका बाजूनं जळला होता, पण लाल होता. मालकांनी तो चिमटीत धरला आणि चौकशीकडे पाहिलं.

चौकशी पुढे झाली, दोरा पाहिला आणि म्हणाली, “हो. लाल म्हणजे माझाच.”

मी तिच्या शेजारी उभी होते. आमचे कोपर एकमेकींना लागत होते. मी मूग गिळून बसले.

पुढच्या महिन्यात टेस्टिंगचं टेबल रिकामं होणार होतं. शेडमधलं सगळ्यात मानाचं काम, प्रत्येक मोटर त्या टेबलावरच्या माणसाच्या शब्दावर बाहेर जायची. ते तिला मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं. ते मला मिळालं. तिला मागच्या बाजूला पाठवलं, जळालेल्या मोटरीतून जुनी तार उपसून काढायला. चौदा वर्षं तिनं तेच काम केलं. तिच्या बोटांच्या भेगांत काजळी बसली ती पुन्हा निघाली नाही. आताही पेन धरलेली बोटं तशीच होती. आणि त्या चौदा वर्षांत ती रोज जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्याकडे यायची आणि विचारायची, आज काय आवडलं, आज कशाचं हसू आलं.

“नको असेल तर राहू दे,” चौकशी म्हणाली. “पुढचा घेऊ.”

नाही म्हटलं असतं तर निभावलं असतं. उद्या सकाळी गाडी निघाली असती आणि मी घरी येऊन चहा केला असता. इतकी वर्षं मी हेच केलं होतं. पण ती माझी उत्तरं वाचत बसणार होती, तिकडे, एकटी, आणि त्यातलं एकही धड खरं नसणार होतं.

“मला बस चालवायची होती,” मी म्हटलं.

तिचा चेहरा उजळला. ती लिहायला वाकली.

“थांब, लिहू नकोस. आधी ऐक.”

मग मी सांगितलं. झाकण, हँडल, हरवलेली मोजणी, संपलेलं रीळ, तिच्या लाल रिळाचा वीतभर दोरा. काही गाळलं नाही. माझी बाजूही मांडली नाही, कारण बाजू नव्हतीच. सांगताना मी तिच्याकडे पाहू शकले नाही, खिडकीतल्या कपांकडे पाहत होते.

तिनं पेनाला टोपण लावलं, वही खोक्यावर ठेवली आणि आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि तो सुरूच राहिला. उठून आत जावं की दाराबाहेर पडावं, मला कळेना. मी खुर्चीवर तशीच बसून राहिले.

ती परत आली तेव्हा तिचे हात ओले होते. ती बसली नाही.

“चौसष्टच्या जागी पंचावन्न,” ती म्हणाली. “नऊ वेढे.”

“हो.”

“एक-दोन चुकले असते तर मी म्हटलं असतं, होतं कधी कधी. पण नऊ. मला वाटलं, माझं डोकंच गेलं. आपण मोजत असतो आणि आपल्याला कळतही नाही की आपण चुकतोय. लेकीचं बाळ अंघोळीला घ्यायचे तेव्हा कढत पाण्याचे तांबे दोनदा मोजायचे, पाणी जास्त गरम व्हायला नको म्हणून. जावई हसायचे. तूही हसायचीस.”

“मला माहीत नव्हतं.”

“मी दोनदा मोजते हे तुला माहीत होतं.”

“हो. का मोजतेस, ते मी विचारलं नाही.”

“नाही विचारलंस,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

टेस्टिंगच्या टेबलाचं तिला काही वाटलं नसावं असं नाही, पण त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मी म्हटलं, मालक अजून आहेत, आत्ता जाऊन त्यांना सांगते. शेडमधले जे कोणी हयात आहेत त्या सगळ्यांना सांगते.

“मालकांना आता ऐकू येत नाही,” ती म्हणाली. “ओरडून सांगावं लागेल.”

“ओरडून सांगते.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. हसली नाही. मी माफी मागितली, जशी मागायची तशी, सरळ शब्दांत. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मला त्याहून जास्त मागायचा हक्क नव्हता.

थोड्या वेळानं तिनं खोक्यावरची वही उघडली आणि उभ्यानंच वाकून एक ओळ लिहिली. मला खुर्चीवरून दिसत होतं. ‘बस चालवायची होती.’ त्याखाली काही लिहिलं नाही. पुढचे सतरा प्रश्न तसेच राहिले.

“कुठून कुठे न्यायची होती?” तिनं वहीकडे बघतच विचारलं.

मी म्हटलं, ते काही ठरवलं नव्हतं. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, मी तिला विचारलं, “तुला काय व्हायचं होतं?”

“आता नको,” ती म्हणाली.

वही तिनं पिशवीत ठेवली की खोक्यात, मी पाहिलं नाही. ती खिडकीशी गेली. माझ्याकडे पाठ करून तिनं जुने कागद घेतले आणि एकेक कप गुंडाळून रिकाम्या खोक्यात ठेवायला लागली. मी उठून खोक्याच्या झडपा धरून उभी राहिले. तिनं मला धरू दिलं. शेवटचा कप आत गेल्यावर तिनं वरून बोट फिरवलं, हळूहळू, एक, दोन, तीन, असं आठपर्यंत. मी दुसऱ्या मोजणीची वाट पाहत थांबले.

“आठ,” ती म्हणाली, आणि झडपा मिटून खोकं बांधायला घेतलं.